स्लीव्हनंतरचं कोल्ड्रिंक आणि हळदीतला तो अर्धा ग्लास

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पाच महिन्यांपूर्वी वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकण्याचं, म्हणजे स्लीव्हचं ऑपरेशन झालं, वजन 128 किलोवरून 101 वर आलं. त्याआधी रोज दीड लिटर कोल्ड्रिंक पोटात जायचं. परवा चुलतभावाच्या हळदीत कुणीतरी ग्लास हातात दिला. अर्धा प्यायलात, छातीत फुगा भरल्यासारखं झालं, चार-पाच ढेकर आले आणि मग सगळं शांत. सर्जननी सांगितलं होतं की आयुष्यभर बंद. पण ओळखीतला एक पेशंट रोज डाएट कोला पितो आणि ठणठणीत आहे. म्हणून तुम्ही विचारताय: माझं पोट ताणलं गेलं का? डाएट चालेल का? गॅस काढून प्यायलं तर? लिंबूसोडा? नाइट शिफ्टला जागं राहायला काय घ्यायचं? आणि पुढच्या महिन्यात मेहुणीचं लग्न आहे, तिथे काय करायचं?

मी पुण्यात गेली चौदा वर्षं बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याची ऑपरेशनं करणाऱ्या टीममध्ये आहारतज्ज्ञ आहे. सर्जन नाही, त्यामुळे तुमच्या टाक्यांबद्दल शेवटचा शब्द त्यांचाच. पण ऑपरेशननंतर लोक खरंच काय खातात-पितात हे सर्जनपेक्षा माझ्या कानावर जास्त येतं. डॉक्टरांच्या खोलीत सगळे गुणी असतात, माझ्याकडे येईपर्यंत थोडे सैल होतात.

आधी तुमची धास्ती घालवते. अर्ध्या ग्लासाने पोट ताणलेलं नाही. पाच महिन्यांत टाके पूर्ण भरून आलेले असतात. सोड्याने स्लीव्ह कायमची मोठी होते हे पेशंट एकमेकांना छातीठोकपणे सांगतात, पण ते तितक्या ठामपणे सिद्ध झालेलं नाही. वायू थोड्या वेळात वर किंवा खाली निघून जातो. जठराची उरलेली नळी हळूहळू सैलावते ती वर्षानुवर्षांत, आणि त्यात रोज गच्च भरेपर्यंत जेवण्याचा वाटा मला जास्त मोठा वाटतो. हेच तुम्ही ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी केलं असतं तर मी इतक्या शांतपणे लिहिलं नसतं. पहिल्या काही आठवड्यांत शिवण ताजी असते, तेव्हा आतून दाब नको म्हणजे नको. (हे वाचणाऱ्या कुणाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल आणि ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, नाडी 120 च्या वर, यातलं काही असेल तर इथे प्रश्न विचारत बसू नका, हॉस्पिटल गाठा.)

मग छातीत फुगा का झाला? स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी, सुरुवातीला जेमतेम 100 ते 150 मिली मावणारी. काढलेल्या भागात जठराचा वरचा घुमट असतो. भूक चाळवणारं घ्रेलिन मुख्यतः तिथेच तयार होतं, म्हणून तो गेल्यावर भूक मंदावते. पण त्याच घुमटात गिळलेली हवा आणि सोड्याचा वायू जाऊन बसायचा. आता ती माडीच राहिली नाही. कोलाच्या बाटलीत पेयाच्या साधारण साडेतीन ते चारपट आकारमानाचा वायू दाबून विरघळवलेला असतो. म्हणजे 200 मिलीच्या ग्लासात पाऊण लिटरच्या आसपास. ओतताना आणि तोंडात निम्मा उडाला असं धरलं तरी उरलेला त्या नळीला झेपणारा नाही. खालचं दार, म्हणजे जठराच्या टोकाची झडप, स्लीव्हमध्ये शाबूत असते आणि ती आपल्या वेळेनेच उघडते. मग वायू वर येतो. तुम्हाला झालं ते एवढंच.

वर येताना तो कधीकधी आम्लही बरोबर घेऊन येतो. म्हणून पुढचं काही ठरवण्याआधी मला एक गोष्ट कळायला हवी: रात्री आडवं झाल्यावर घशाशी आंबट येतं का? सकाळी आवाज बसलेला असतो का? पहाटे खोकला? स्लीव्हनंतर ही तक्रार बऱ्याच जणांना होते, काहींना तर ऑपरेशनआधी कधी नव्हती ती नव्याने सुरू होते. उत्तर 'हो' असेल तर फसफसणारं काहीही तुमच्यासाठी नाही. साधा सोडा नाही, डाएट नाही, बिअर नाही. सर्जनना ते सांगा, ते गरज पडल्यास एंडोस्कोपी करतील. उत्तर 'नाही' असेल तर पुढे वाचा.

आता माझ्या मते खरा प्रश्न. लोक बुडबुड्यांना घाबरतात आणि साखरेला विसरतात. ऑपरेशन अडवतं ते भाकरीला, चिकनला, उसळीला. दोन-चार घास झाले की पोट म्हणतं बस्स. पातळ गोडाला मात्र ते अडवत नाही. कोल्ड्रिंक नळीतून सरळ खाली उतरतं, पोट भरल्याची जाणीवही होत नाही, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तेवढंच पिता येतं. ज्या कामासाठी तुम्ही ऑपरेशनच्या टेबलावर झोपलात, त्यालाच ते वळसा घालतं.

हिशोब मांडून पाहा. साध्या कोलात 100 मिलीला साधारण 10 ते 11 ग्रॅम साखर असते. तुमचं रोजचं दीड लिटर म्हणजे 160 ग्रॅमच्या आसपास साखर, साडेसहाशेच्या जवळ कॅलरी. सहा-सात दिवसांत एक किलोची साखरेची पुडी रिकामी. हे मी पेशंटसमोर खरी पुडी ठेवून सांगते, कारण आकडा कुणी ऐकत नाही, पुडी सगळे बघतात. आज पाचव्या महिन्यात तुमचं दिवसाचं सगळं खाणं 800 ते 1000 कॅलरीच्या घरात असेल. 600 मिलीची एक बाटली त्यातला पाव हिस्सा खाऊन टाकते, आणि प्रथिनं देते शून्य. तुम्हाला दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं हवी आहेत. ती या पोटात बसवताना आधीच घामटा निघतो.

एक गृहस्थ होते, बँकेतले. सोड्याच्या बाबतीत इतके कडक की नातवाच्या वाढदिवसालाही ग्लासाला हात लावला नाही. दोन वर्षांनी नऊ किलो परत चढवून आले आणि म्हणाले, "मॅडम, सोडा तर एक थेंब नाही घेतला." डायरी लिहायला लावली. संध्याकाळी फिरून येताना रोज मँगो ज्यूस, शनिवारी मस्तानी, दुपारी गोड लस्सी. बुडबुडा एकही नाही! नियम त्यांनी अक्षरशः पाळला होता. चूक आमची, आम्ही त्यांना चुकीच्या गोष्टीची भीती घातली होती. त्यानंतर मी 'सोडा बंद' हे वाक्य बदललं. आता म्हणते, 'प्यायचं गोड बंद, मग त्यात फेस असो वा नसो.' उसाचा रस, बाटलीतली फ्रूट ड्रिंक, गोड कोकम सरबत, बदाम दूध, कपात दोन चमचे साखर घातलेला दिवसातला सहावा चहा, सगळं त्यातच आलं.

गॅस काढून प्यायलं तर, याचंही उत्तर यातच आहे. बाटली हलवून, ग्लासात ओतून, चमच्याने ढवळून फेस घालवला की फुगा होणार नाही हे खरं. पण उरतं ते काळं साखरेचं पाणी, आणि ते आणखी सहज उतरतं. त्यातल्या त्यात निरुपद्रवी होतं ते तुम्ही घालवलंत आणि नको ते ठेवलंत.

तुमचं ऑपरेशन स्लीव्ह आहे म्हणून थोडक्यात सुटलात, हेही सांगते. बायपासवाल्यांना, म्हणजे जठराची छोटी पिशवी (पाउच) करून ती थेट आतड्याला जोडलेल्यांना, गोड पातळ बाधतं त्याला डंपिंग म्हणतात. जठराचा पाउच लहान, मधली झडप वाटेतून वगळलेली, त्यामुळे साखरेचं पाणी थेट आतड्यात कोसळतं. माझ्या एका पेशंटबाई एसटी स्टँडवर ग्लासभर उसाचा रस पिऊन गाडीत बसल्या. दहा-पंधरा मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ, आणि गाडी घाटात. पुढचं लिहीत नाही. दुसरा प्रकार उशिरा होतो, एक ते तीन तासांनी: साखर झटकन चढते, इन्सुलिन जोरात सुटतं आणि मग साखर नको तितकी खाली येते. हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे स्लीव्हमध्येही होऊ शकतं, जरी बायपासपेक्षा कमी. तुम्ही पहाटे शिफ्ट संपवून दुचाकीवर घरी जाता असं लिहिलंय, म्हणून मुद्दाम सांगितलं.

डाएट कोलाबद्दल माझं मत फार लोकप्रिय नाही. साखर नाही, त्यामुळे कॅलरीच्या हिशोबात तो साध्या कोलापेक्षा शंभर पटींनी बरा. वायू तितकाच, आम्लही साधारण तितकंच. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नका. माझा आक्षेप त्याहून घरगुती आहे. दीड लिटर रोज पिणाऱ्या माणसाची जीभ ज्या गोडीला सोकावलेली असते, ती ऑपरेशननंतरच्या महिन्यांत आपोआप उतरते. पेशंट स्वतःच सांगतात की पूर्वीचा चहा आता पाकासारखा लागतो. ही संधी रोजच्या डाएट कोलाने वाया जाते. जीभ तिथेच राहते, आणि ज्या दिवशी टपरीवर डाएट मिळत नाही त्या दिवशी साधं चालतं. ज्यांनी महिना-दोन महिने पायरी म्हणून डाएट वापरलं आणि सोडलं असे पेशंट मी पाहिलेत. ज्यांचा तो मुक्कामच झाला असेही पाहिलेत. तुम्ही पाच महिने काढलेत, तुम्हाला ती पायरी कशाला हवी?

तुमचा तो ओळखीचा पेशंट रोज पितो आणि ठणठणीत आहे, हे खोटं नसेल. पण त्याचं ऑपरेशन कोणतं, किती वर्षं झाली, त्याला जळजळ आहे का, तो ते जेवणाबरोबर पितो का, हे आपल्याला माहीत नाही. जेवणाबरोबर हा मुद्दा महत्त्वाचा आहे. वडापावच्या घासावर कोल्ड्रिंकचा घोट घेतला की घास खाली ढकलला जातो आणि पुढच्या घासाला जागा होते. म्हणूनच आम्ही जेवण आणि पाणी यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवायला सांगतो, आणि तो नियम साध्या पाण्यालाही लागू आहे.

लिंबूसोडा. घरी साधा सोडा, लिंबू, चिमूटभर काळं मीठ, साखर शून्य, हे सहा महिन्यांनंतर, जळजळ नसेल तर, करून पाहायला माझी हरकत नाही. बाहेरच्या गाडीवरचा लिंबूसोडा वेगळा प्राणी आहे. 'साखर नको' म्हटलं तरी त्याच्या हाताला पाक घालायची सवय असते, आणि मसाला सोड्यात मीठ सढळ. गोटी सोड्याचा तो 'टॉक' आवाज मलाही आवडतो. 1872 मध्ये हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने पेटंट घेतलेली ती बाटली आपल्याकडे अजून टिकून आहे याचं मला कौतुक आहे. पण तो आवाजच सांगतो आत किती दाब आहे ते. करून पाहायचंच तर असं: घरी, बसून, जेवणापासून लांब. बाटली उघडून दहा मिनिटं ठेवा. 50-60 मिली, म्हणजे चहाच्या छोट्या कपाएवढं, घोट घोट. छातीत दाब आला तर उरलेलं बेसिनमध्ये. पैसे वाया गेले म्हणून संपवायचं नाही.

ईनोचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण निघतोच. ऑपरेशननंतर ढेकर अडकला, पोट फुगलं की घरातली मोठी माणसं प्रेमाने ईनो देतात. ईनो म्हणजे खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल. पाण्यात पडलं की तोच वायू तयार होतो ज्यापासून तुम्ही पळताय, वर सोडियम भरपूर. पाण्यात विरघळणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर बुडबुडे पूर्ण थांबल्यावरच प्या.

आता नाइट शिफ्ट. मला वाटतं तुमच्या सगळ्या प्रश्नांचं मूळ इथे आहे. कोल्ड्रिंक तुमच्यासाठी नुसतं पेय नव्हतं. रात्री अडीचला मशीन सोडून बाहेर यायचं निमित्त होतं, सोबत दोन मित्र होते, गार काहीतरी घशाला झोंबत होतं, आणि त्यात कॅफीन होतं. 330 मिलीच्या कॅनमध्ये साधारण 30 ते 35 मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या दीड लिटरमध्ये दीडशेच्या आसपास. ऑपरेशनआधी लिक्विड डाएट सुरू केल्यावर डोकं ठणकलं असेल तर आठवून पाहा. बहुतेक पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोन करतात की उपासाने डोकं दुखतंय. ते अनेकदा उपासाने नसतं. कॅफीन अचानक थांबलं की 12 ते 24 तासांत डोकेदुखी सुरू होते आणि काही दिवस ते आठवडाभर राहते. म्हणून ऑपरेशनची तारीख अजून लांब असलेल्यांना मी सांगते, दोन-तीन आठवडे आधीपासून बाटली अर्धी करत आणा, म्हणजे दोन्ही छळ एकदम होणार नाहीत.

तुमच्या बाबतीत, शिफ्टच्या सुरुवातीच्या तासांत बिनसाखरेचा अर्धा-एक कप चहा किंवा कॉफी चालेल, सर्जननी ती मनाई केलेली नसेल तर. लोहाच्या गोळीच्या जवळपास मात्र नको, चहा-कॉफी लोह शोषू देत नाहीत. एनर्जी ड्रिंकचा कॅन अजिबात नको, त्यात साखर, वायू आणि कॅफीन तिन्ही एकत्र येतात. आणि अडीचला बाहेर जाणं बंद करू नका. जा, मित्रांबरोबर उभे राहा, हातात थर्मासमधलं गार ताक किंवा बिनसाखरेचं कोकमपाणी घ्या, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड. घशाला झोंबायला हवं असेल तर कोकम ते काम बऱ्यापैकी करतं. माझ्याकडच्या एका ड्रायव्हरदादांनी आलं-लिंबाचं बर्फगार पाणी धरलं, म्हणाले कोल्ड्रिंकची आठवण निम्मी होते. निम्मी हे प्रामाणिक उत्तर आहे. मला ते आवडलं.

यातच एक लपलेली अडचण असते. ज्याचं रोजचं दीड लिटर पातळ कोल्ड्रिंकमधून येत होतं, त्याने ते बंद केलं आणि पाणी वाढवलं नाही तर शरीर कोरडं पडतं. गडद लघवी, बद्धकोष्ठता, उठल्यावर गरगरणं, हे सगळं 'अशक्तपणा' म्हणून खपवलं जातं. दिवसभरात किमान दीड लिटर पाणी घोटाघोटाने जायला हवं. भांडं तोंडाला लावून गटागटा प्यायचे दिवस गेले, म्हणून बाटली सतत जवळ ठेवा.

हाडांबद्दल थोडकंच. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात 2006 साली रोज कोला पिणाऱ्या बायकांच्या खुब्याच्या हाडांची घनता कमी दिसली, पुरुषांत दिसली नाही. कारण कोलाच होतं का, हे त्यातून ठरत नाही. पण ऑपरेशननंतर कॅल्शियम आधीच काटकसरीने शोषलं जातं, तेव्हा कॅल्शियम सायट्रेटची गोळी चुकवू नका, आणि ती लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा.

बिअरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत. लग्नाच्या आदल्या रात्री विचारण्यापेक्षा आत्ताच सांगते. वायू आहे, कॅलरी आहेत, आणि ऑपरेशननंतर दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते. बायपासच्या पेशंटमध्ये दुसऱ्या वर्षात दारूचा त्रास वाढलेला अमेरिकेतल्या 2012 च्या मोठ्या पाहणीत दिसला. एक गोड सुटलं की दुसरी सवय तिच्या जागी येऊन बसते हे मी इथेही पाहते. पहिलं वर्ष तरी नको.

तुमच्या सर्जनचं 'आयुष्यभर बंद' मला पटतं का? त्यांच्या जागी बसून पटतं. रोज वीस पेशंट बघणाऱ्याला एका वाक्यात सांगता येईल असा नियम लागतो. मीही सुरुवातीची काही वर्षं हेच सांगायची. मग लक्षात आलं की लोक सोडा सोडत नाहीत, मला सांगणं सोडतात. एकदा नियम मोडला की 'आता काय, मोडलाच' म्हणून रोजचं सुरू होतं, आणि हेच वजन परत आणतं. म्हणून माझं म्हणणं असं: पहिले सहा महिने फसफसणारं काहीच नाही. त्यानंतर साधा, बिनसाखरेचा सोडा हा सोसतो की नाही एवढ्याचा प्रश्न. गोड कोल्ड्रिंक मात्र तुमच्यासारख्या दीड लिटरवाल्याने घरात आणूच नये. ज्याला पूर्वी महिन्यातून एकदा कोल्ड्रिंक लागायचं त्याला मी एवढं कडक सांगितलं नसतं. तुमचा इतिहास वेगळा आहे. पुढच्या भेटीत हळदीचा अर्धा ग्लास सर्जनना सांगून टाका, ते ओरडणार नाहीत, आणि ओरडले तरी दोन मिनिटं.

मेहुणीच्या लग्नात तुम्ही जावई. म्हणजे रिकाम्या हाताने उभे राहिलात की कुणीतरी ट्रे घेऊन येणारच, आणि "घ्या हो, एका घोटाने काय होतंय" हेही ठरलेलं. वाद घालू नका, ऑपरेशनची कथा मांडवात सांगत बसू नका. पोहोचल्या पोहोचल्या मठ्ठ्याचा ग्लास उचला (मठ्ठा गोड असेल तर साधं पाणी आणि लिंबाची फोड), आणि तो शेवटपर्यंत अर्धा भरलेला ठेवा. सासरची माणसं रिकामाच ग्लास भरायला धावतात.